जुना भाव खरा कोणता?

एचडीएफसी बँकेचा जुलै २०११ च्या सुरुवातीचा भाव शोधायला बसा. एक्स्चेंजच्या त्या दिवसाच्या फायलीत अडीच हजारांच्या आसपासचा आकडा मिळेल, आणि बहुतेक चार्टवर त्याच दिवशी सव्वाशेच्या आसपासचा. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. शेअर्सच्या जुन्या माहितीवर काम करताना होणाऱ्या निम्म्या चुका या एका ठिकाणी होतात: प्रश्न एक असतो आणि आकडा दुसऱ्या प्रश्नाचा उचललेला असतो.

अडीच हजारांचे सव्वाशे कसे झाले ते पाहू. जुलै २०११ मध्ये बँकेने दर्शनी मूल्य १० रुपयांवरून २ रुपये केलं (यालाच स्प्लिट म्हणतात), एकाचे पाच शेअर झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये २ रुपयांवरून १ रुपया, म्हणजे पाचाचे दहा. ऑगस्ट २०२५ मध्ये एकास एक बोनस, म्हणजे प्रत्येक शेअरवर एक फुकट, दहाचे वीस. तेव्हाचा एक शेअर म्हणजे आजचे वीस, म्हणून चार्टवाले जुन्या प्रत्येक भावाला ०.०५ ने गुणतात. त्या दिवशी बाजारात ज्या आकड्याला सौदा झाला तो कच्चा भाव. आजच्या एका शेअरच्या हिशेबात बसवलेला तो समायोजित भाव. भावाला गुणलं की शेअर्सच्या संख्येला त्याच गुणकाने भागायचं असतं, हे मात्र अनेक जण विसरतात. मग २०११ ची उलाढाल आजच्या मानाने विसाव्या हिश्शाची दिसते आणि ‘हल्ली या शेअरमध्ये केवढा रस वाढलाय’ असे निष्कर्ष निघतात.

गुणक काढायचं सूत्र सोपं आहे. स्प्लिटमध्ये नवं दर्शनी मूल्य भागिले जुनं. बोनसमध्ये आधी हातात असलेले शेअर भागिले नंतर हातात असलेले. म्हणजे एकास एकला ०.५, आणि दोनावर एक बोनसला दोन तृतीयांश. आपल्याकडे ‘१:२ बोनस’ म्हणजे दोन जुन्यांवर एक नवा. परदेशी संकेतस्थळं हीच घटना ‘दोनाचे तीन’ अशी लिहितात. गुणोत्तर वाचून गुणक लिहिण्याआधी एकदा शंभर शेअर्सचे किती होतात ते कागदावर मांडा.

हक्कभागात, म्हणजे राइट्समध्ये, जुन्या भागधारकांना ठरावीक भावाने नवे शेअर घेता येतात. तिथे थोडं जास्त काम असतं. रिलायन्सने मे २०२० मध्ये पंधरा शेअर्सवर एक, १२५७ रुपयांना, असा राइट्स इश्यू आणला. हिशेबासाठी आधीचा बंद भाव १४८० धरू. पंधरा शेअर्सचे २२,२०० अधिक नव्याचे १२५७, एकूण २३,४५७. त्याला सोळाने भागलं की १४६६.०६. गुणक झाला १४६६.०६ भागिले १४८०, म्हणजे सुमारे ०.९९०६. एक टक्क्यापेक्षा कमी फरक, म्हणून काही माहिती पुरवणारे तो लावतच नाहीत. दोन ठिकाणचे समायोजित भाव एका टक्क्याने सतत वेगळे दिसले, तर आधी राइट्सची तारीख तपासा.

डिमर्जर, म्हणजे कंपनीचा एक भाग वेगळी कंपनी होणं, हा सगळ्यात कटकटीचा प्रकार, कारण तिथे गुणक जाहीर होत नाही, बाजार तो ठरवतो. २० जुलै २०२३ ला जिओ फायनान्शियल रिलायन्समधून वेगळी झाली. आदल्या दिवशीचा रिलायन्सचा बंद भाव होता २८४१.८५. त्या सकाळी खास प्री-ओपन सत्रात, म्हणजे नेहमीचे सौदे सुरू होण्याआधी, भाव ठरला २५८०. फरकाचे २६१.८५ म्हणजे जिओ फायनान्शियलची किंमत. गुणक ०.९०७९. जो हा गुणक लावत नाही त्याच्या फायलीत रिलायन्स त्या दिवशी नऊ टक्के कोसळलेली दिसते. आणि गंमत म्हणजे करासाठी खरेदी किंमत विभागताना हे प्रमाण चालत नाही. तिथे कंपनीने जाहीर केलेलं ९५.३२ आणि ४.६८ टक्के हे प्रमाण लागतं, जे पुस्तकी मूल्यावरून, म्हणजे कंपनीच्या हिशेबवह्यांतल्या किमतीवरून, येतं. एकाच घटनेला दोन गुणोत्तरं, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

लाभांशाचं समायोजन ही पुढची पायरी. आदल्या दिवशीचा बंद भाव ५०० आणि लाभांश १० रुपये असेल, तर गुणक एक वजा १० भागिले ५००, म्हणजे ०.९८, आणि तो आधीच्या सगळ्या इतिहासाला लागतो. याहू फायनान्सवर ‘क्लोज’ हा रकाना फक्त स्प्लिट-बोनससाठी बदललेला असतो, ‘ॲडजस्टेड क्लोज’ मध्ये लाभांशही धरलेला असतो. कोल इंडिया किंवा आयटीसीसारख्या भरपूर लाभांश देणाऱ्या कंपनीत दहा वर्षांत या दोन रकान्यांत मोठं अंतर पडतं. याचा एक परिणाम पटकन लक्षात येत नाही: लाभांश-समायोजित भाव स्थिर नसतो. कंपनीने पुढच्या महिन्यात नवा लाभांश दिला की २०१५ चा आकडाही बदलतो. मार्चमध्ये उतरवलेली फाइल आणि सप्टेंबरमध्ये उतरवलेली फाइल जोडली, तर सांध्यावर खोटी उडी दिसते. फाइल जोडू नका, पूर्ण इतिहास पुन्हा उतरवा, आणि फायलीच्या नावात उतरवल्याची तारीख घाला.

पायथॉनमधून याहूची माहिती ओढणाऱ्यांसाठी एक इशारा. ‘वायफायनान्स’ लायब्ररीत आपोआप समायोजन करणारी निवड २०२५ पासून मुळातच चालू असते. जुनी स्क्रिप्ट तशीच चालते, चूक दाखवत नाही, फक्त ‘क्लोज’ मध्ये आता लाभांश वजा केलेला आकडा येतो. कोणता हवा ते कोडमध्ये स्पष्ट लिहून टाका.

कराचा हिशेब आणि ३१ जानेवारी २०१८

कच्चा भाव हवाच अशी एक जागा आहे आणि तिथे चार्टवरचा आकडा उचलणं थेट पैशात पडतं. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेले शेअर आज विकले, तर दीर्घकालीन नफ्यासाठी त्या दिवशीचा एक्स्चेंजवरचा सर्वोच्च भाव लागतो. लक्ष द्या: बंद भाव नाही, ‘हाय’. त्या दिवशी सौदाच झाला नसेल, तर आधी ज्या दिवशी झाला त्या दिवशीचा ‘हाय’. नियम असा: हा सर्वोच्च भाव आणि विक्रीचा भाव यांतला लहान आकडा घ्या, तो प्रत्यक्ष खरेदीच्या किमतीशी ताडून पाहा, मोठा असेल ती तुमची खरेदी किंमत.

एचडीएफसी बँकेचंच उदाहरण, सोपे आकडे धरून. २०१२ मध्ये ६०० रुपयांनी १०० शेअर घेतले. २०१९ च्या स्प्लिटनंतर २०० झाले, २०२५ च्या बोनसनंतर ४००. ३१ जानेवारी २०१८ चा कच्चा ‘हाय’ २००० होता असं समजू. आता ९५० रुपयांनी २०० शेअर विकायचे आहेत.

डिमॅटमध्ये आधी आलेले आधी जातात, म्हणजे विकले जातात ते मूळचे २००. स्प्लिटमुळे त्यांचा २०१८ चा भाव निम्मा, १००० रुपये. तो आणि ९५० यांतला लहान ९५०. प्रत्यक्ष खरेदी प्रति शेअर ३००. म्हणून खरेदी किंमत ९५०, नफा शून्य. चार्ट बघणाऱ्याला मात्र ३१ जानेवारी २०१८ ला ५०० दिसेल, कारण चार्टने बोनसही धरला आहे. तो ५०० लावेल आणि प्रत्येक शेअरवर ४५०, एकूण ९०,००० रुपयांचा नफा दाखवेल, जो झालेलाच नाही. कराच्या नजरेत स्प्लिट आणि बोनस एक नाहीत. स्प्लिटमध्ये जुनी किंमत वाटली जाते, बोनसच्या शेअरची किंमत शून्य धरली जाते आणि त्याची मुदत वाटपाच्या दिवसापासून मोजली जाते. उरलेले २०० विकाल तेव्हा अख्खी विक्रीची रक्कम नफा असेल. बाजाराच्या चार्टला हा फरक माहीत नसतो आणि माहीत असण्याचं कारणही नाही.

भावकॉपीची एक ओळ

कच्च्या भावाचा मूळ स्रोत म्हणजे एक्स्चेंजची रोजची भावकॉपी. एनएसई आणि बीएसई दोघंही ती आपापल्या संकेतस्थळावर फुकट ठेवतात. एका ओळीत चिन्ह, सिरीज, ओपन, हाय, लो, क्लोज, लास्ट, आदला बंद भाव, शेअर्सची संख्या, रुपयांतली उलाढाल, सौद्यांची संख्या आणि आयएसआयएन (प्रत्येक शेअरचा बारा अक्षरांचा ओळख क्रमांक) असतो. ८ जुलै २०२४ पासून फायलीचा साचा बदलला. रकान्यांची नावं वेगळी झाली, तारीख ‘०५-जुलै-२०२४’ या धाटणीऐवजी वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली जाऊ लागली. दहा वर्षांची मालिका बांधायची तर दोन वाचक लिहावे लागतात, एक त्या तारखेआधीचा, एक नंतरचा.

‘लास्ट’ आणि ‘क्लोज’ हे दोन रकाने का, असा प्रश्न पडतो. ‘लास्ट’ म्हणजे दिवसातला शेवटचा सौदा. ‘क्लोज’ म्हणजे ३ ते ३:३० या शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी, म्हणजे मोठ्या सौद्याला जास्त वजन देऊन काढलेली. त्यामुळे बंद भावाला कुणीच सौदा केलेला नाही असंही होतं. खरेदी-विक्रीची स्ट्रॅटेजी जुन्या भावांवर तपासताना ‘बंद भावाला घेतला’ असं लिहिणं म्हणजे जी किंमत साडेतीननंतर कळते ती आधीच माहीत होती असं मानणं. दुसऱ्या दिवशीचा ‘ओपन’ धरा, आकडे थोडे फिके दिसतील पण घेता येण्याजोगे असतील.

सिरीजकडे दुर्लक्ष करू नका. नेहमीचा शेअर ‘ईक्यू’ मध्ये असतो. निगराणीखाली गेला की ‘बीई’ मध्ये जातो, जिथे दिवसात घेऊन विकता येत नाही, प्रत्येक सौदा डिलिव्हरीचा, म्हणजे शेअर प्रत्यक्ष खात्यात येण्या-जाण्याचा. फक्त ‘ईक्यू’ चा फिल्टर लावला की अशा शेअरच्या इतिहासात महिनेच्या महिने गायब होतात, आणि तेही नेमके त्याच्या सर्वांत धामधुमीच्या काळातले. डिलिव्हरीचे आकडे असलेल्या फायलीत ‘बीई’ च्या ओळीत डिलिव्हरीच्या जागी नुसती आडवी रेघ येते. ती शून्य म्हणून वाचू नका, तिथे शंभर टक्के डिलिव्हरी असते. त्याच फायलीत उलाढाल लाखांत असते, तर जुन्या भावकॉपीत रुपयांत.

यासाठी एक तपासणी फार उपयोगी पडते: उलाढाल भागिले शेअर्सची संख्या. उत्तर त्या दिवसाच्या ‘लो’ आणि ‘हाय’ च्या मध्ये यायलाच हवं. नाही आलं, तर एकक चुकलंय, रकाना सरकलाय किंवा भाव समायोजित आणि संख्या कच्ची अशी भेसळ आहे. एका ओळीचं सूत्र, पण तीन प्रकारची चोरी पकडतं.

ओपन, हाय, लो, क्लोज या चारही रकान्यांत एकच आकडा दिसला तर शेअर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या भावमर्यादेला, अडकला होता, किंवा दिवसभरात एखाददुसराच सौदा झाला. वरच्या सर्किटला विकणारा नसतो, खालच्याला घेणारा नसतो. कागदावरची स्ट्रॅटेजी तिथे निवांत खरेदी-विक्री करते. असे दिवस व्यवहारातून वगळा.

एक्सेलमधल्या किरकोळ अडचणी भराभर सांगतो. एनएसईच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या फायलींत रकान्याच्या नावामागे मोकळी जागा असते आणि आकडे स्वल्पविरामासकट मजकूर म्हणून येतात. आधी मोकळी जागा काढा, मग स्वल्पविराम काढून आकड्यात बदला. गूगल शीट्सच्या गूगलफायनान्स सूत्रातून आलेल्या तारखेला दुपारचे साडेतीन चिकटलेले असतात, त्यामुळे व्हीलुकअपला साधी तारीख सापडत नाही. तारखेचा पूर्णांक घेतला की जुळते.

तारखांचे खड्डे

एक्स-डेट आणि रेकॉर्ड डेट. ज्या दिवशीच्या भागधारकांना लाभ मिळतो ती रेकॉर्ड डेट, ज्या दिवसापासून शेअर त्या लाभाविना चालतो ती एक्स-डेट. २७ जानेवारी २०२३ ला सगळे शेअर दुसऱ्या दिवशीच्या सेटलमेंटवर (सौद्याचे पैसे आणि शेअर दुसऱ्या दिवशी पोचते होणं) आले, तेव्हापासून या दोन तारखा सहसा एकच असतात. सहसा. एचडीएफसी बँकेच्या बोनसची रेकॉर्ड डेट होती २७ ऑगस्ट २०२५, त्या दिवशी गणेश चतुर्थी, बाजार बंद. म्हणून शेअर २६ तारखेलाच बोनसविना झाला. कंपनीच्या घोषणेतली तारीख उचलून गुणक २७ पासून लावला, तर २६ ला पन्नास टक्क्यांची घसरण दिसते. गुणक नेहमी एक्स-डेटच्या आधीच्या ओळींना लावायचा.

शनिवार-रविवार आले की ओळ टाकून देणाऱ्या स्क्रिप्टही सापडतात. २० जानेवारी २०२४ हा शनिवार होता आणि बाजार पूर्ण वेळ चालला. २ मार्च आणि १८ मे २०२४ या शनिवारी एक्स्चेंजच्या पर्यायी संगणक केंद्राची चाचणी म्हणून छोटी सत्रं झाली. १ फेब्रुवारी २०२५ ला, शनिवारी, अर्थसंकल्पासाठी बाजार उघडा होता. लक्ष्मीपूजनाचं मुहूर्त सत्र तर दरवर्षी असतं, जेमतेम तासाभराचं. २०२५ मध्ये ते संध्याकाळी न होता २१ ऑक्टोबरला दुपारी पावणेदोनला झालं. भावाच्या मालिकेत हे दिवस ठेवा, पण उलाढालीची सरासरी काढताना तासाभराचा दिवस सव्वासहा तासांच्या दिवसांत मिसळू नका. सव्वासहा तासही कायमचे नाहीत: ४ जानेवारी २०१० आधी बाजार ९:५५ ला उघडायचा. पाच मिनिटांच्या चार्टवर २००९ आणि आजचा ‘पहिला तास’ एक नाही. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसई सकाळी ११:४० ला बंद पडली आणि ३:४५ ते ५ पुन्हा चालली. ‘३:३० नंतरचं काढून टाका’ ही ओळ तो दिवस अर्धा खाते.

वार्षिक अस्थिरता, म्हणजे भाव किती वरखाली होतो ते माप, काढताना २५२ च्या वर्गमुळाने गुणायची पद्धत अमेरिकेची. आपल्याकडे सुट्ट्या जास्त, वर्षाला २४५ ते २५० च्या आसपास दिवस होतात. फरक लहान आहे, पण स्वतःच्या फायलीतले दिवस मोजायला कितीसा वेळ लागतो?

मोठी उडी म्हणजे चूक, असं समजून सफाई करू नका. २९ ऑक्टोबर २०२४ ला एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचा भाव ३.५३ रुपयांवरून २,३६,२५० रुपयांवर गेला. स्प्लिट नाही, टंकनदोष नाही. पुस्तकी मूल्याच्या कितीतरी खाली अडकलेल्या गुंतवणूक कंपन्यांसाठी झालेल्या खास लिलावात खरा भाव सापडला, एवढंच. ‘२० टक्क्यांहून मोठा बदल पुसा’ हा नियम ही ओळ पुसतो, आणि २३ मार्च २०२० ला निफ्टी १३ टक्के पडला त्या दिवशी काय करतो तेही पाहून घ्या. उडी दिसली की आधी कंपनीच्या घोषणा पाहा, मग हात लावा.

नाव बदललेले आणि नाहीसे झालेले

चिन्हावरून इतिहास जोडला तर तो तुटतो. इन्फोसिसचं चिन्ह २०११ मध्ये बदललं, झोमॅटो २०२५ मध्ये इटर्नल झाली, टाटा मोटर्सच्या ऑक्टोबर २०२५ च्या डिमर्जरनंतर जुन्या कंपनीचा शेअर टीएमपीव्ही या चिन्हाने चालतो. मग आयएसआयएनवर जोडावं? तोही स्प्लिटमध्ये बदलतो, बोनसमध्ये नाही. एचडीएफसी बँकेच्या आयएसआयएनचे शेवटचे दोन अंक आधी १८, मग २६, २०१९ पासून ३४. तेव्हा एक छोटा तक्ता स्वतः ठेवावा लागतो: कंपनी, चिन्ह, आयएसआयएन, कुठपासून, कुठपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, त्याला पर्याय नाही.

त्याहून मोठी अडचण म्हणजे जे उरलेच नाहीत ते. आजचे निफ्टीतले पन्नास शेअर घेऊन २००८ पासून मागे चालत गेलात, तर परतावा झकास निघणारच. हे पन्नास टिकले म्हणून तर आज यादीत आहेत. युनिटेक, सुझलॉन, रिलायन्स कम्युनिकेशन्स, जयप्रकाश असोसिएट्स, सत्यम हे सगळे एकेकाळी निफ्टीत होते. प्रत्येक वर्षासाठी त्या वर्षाची यादी घ्या.

मालिका कुठे संपते यावरूनही काही कळत नाही. एचडीएफसी लिमिटेडची मालिका जुलै २०२३ ला संपते, पण तिच्या २५ शेअर्सवर बँकेचे ४२ मिळाले, भागधारकाचं काही बुडालं नाही. डीएचएफएलची मालिका जून २०२१ ला संपते, शेवटच्या ओळीत थोडे रुपये भाव दिसतो, पण भागधारकांच्या हातात शून्य आलं. तुमची स्क्रिप्ट शेवटच्या भावाला विकलं असं धरून पुढे जाते. अशा मालिकांना शेवटची एक ओळ हाताने घालावी लागते: पहिल्या प्रकारात बँकेच्या शेअरचं मूल्य, दुसऱ्यात शून्य.

निर्देशांकांचंही थोडं. निफ्टीचे आकडे १९९० पासूनचे मिळतात, पण एनएसईवर शेअर्सचे सौदे नोव्हेंबर १९९४ ला सुरू झाले आणि निफ्टी १९९६ ला. सेन्सेक्सचा पाया १९७८-७९, आणि तो प्रसिद्ध व्हायला लागला १९८६ ला. आधीचे आकडे नंतर मागे जाऊन काढलेले आहेत. शेअरच्या लाभांश-समायोजित मालिकेची तुलना साध्या निफ्टीशी केली, तर शेअरला लाभांशाचा फायदा फुकट मिळतो. तुलना टीआरआय निफ्टीशी, म्हणजे लाभांश धरलेल्या निफ्टीशी, करा. म्युच्युअल फंडांनाही फेब्रुवारी २०१८ पासून तेच बंधनकारक आहे. आणि निफ्टीच्या पीईचा (भाव भागिले नफा) जुना तक्ता वापरत असाल, तर ३१ मार्च २०२१ ला तो एका दिवसात चाळिशीच्या वरून तेहतिसाच्या आसपास उतरलेला दिसेल. बाजार पडला नव्हता. त्या दिवसापासून नफा एकट्या कंपनीचा न धरता उपकंपन्यांसह धरायला सुरुवात झाली. त्या तारखेच्या अलीकडची आणि पलीकडची सरासरी एकत्र काढू नका, तक्त्यात तिथे एक रेघ मारून ठेवा.